मसाल्याचं नाव, पुडीवरचं चित्र आणि आत्याची कृती : यातलं कायद्याने आपलं नक्की काय?

खाडीकाठची

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण सल्ला हवाय.

माझी आत्या कळव्याला राहते आणि घरगुती आगरी मसाला करून विकते. फेब्रुवारी सरत आला की वाशीच्या मसाला मार्केटातून मिरची येते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, थोडी लवंगी. गच्चीवर वाळवायची, देठं खुडायची, खडा मसाला भाजायचा आणि डंकावर कुटून आणायचं. आधी नातेवाइकांपुरतं होतं, मग घोडबंदरच्या सोसायट्यांतून ऑर्डरी यायला लागल्या. आता महोत्सवांत स्टॉल लागतो, दुकानंही पुड्या ठेवतात. मसाल्याचं खरं नाव इथे देत नाही. समजा, 'डोलकाठी आगरी मसाला'. पुडीवर शिडाच्या होडीचं चित्र, लाल-पिवळा रंग.

आत्याकडे काही हंगाम एक बाई मदतीला होत्या. त्या गेल्या वर्षी सोडून गेल्या आणि आता कोपरखैरण्यातून 'नवी डोलकाठी' नावाने मसाला विकतात. रंग तेच, होडी तीच. 'तीच' म्हणजे तंतोतंत तीच. ज्या मुलाने आत्याला डिझाइन करून दिलं, त्यानेच तिकडेही फाइल दिली. विचारलं तर म्हणतो, "चित्र मी काढलंय, माझं आहे." मसाल्याची चवही तीच, असं गिऱ्हाइकं सांगतात.

घरात तीन मतं आहेत. काका म्हणतात कॉपीराइट करून टाका. भाऊ म्हणतो ट्रेडमार्क. आत्या म्हणते, "माझी कृती चोरली, त्याचं आधी बोला." फूड लायसन्स आणि उद्यम नोंदणी आत्याच्या नावावर आहे. तेवढं पुरेल का? आणि सुरुवात कुठून करायची?

तलावपाळी

सरळ पोलिसात जा. कॉपीराइटचा गुन्हा दखलपात्र आहे, असं वाचलंय. एक फोन गेला की सगळी डोलकाठी खाली येईल.

सनदधारी

तलावपाळी, सबुरीनं. दखलपात्र आहे हे खरं, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तसं स्पष्ट केलंय. पण तक्रार करताना पहिलाच प्रश्न येईल की चित्र कोणाचं. आणि तिथेच आत्याची बाजू सगळ्यात लंगडी आहे.

ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करतो म्हणून जरा विस्ताराने लिहितो. हातात कागद न बघता बोलतोय, तेव्हा हा काही वकिली सल्ला समजू नका.

एका पुडीत तीन वेगळ्या मालमत्ता आहेत. नाव आणि पुडीचं एकूण रूप हा ट्रेडमार्कचा विषय, १९९९चा कायदा. चित्र हा कॉपीराइटचा, १९५७चा कायदा. कृती हे व्यापारी गुपित, आणि त्यासाठी भारतात वेगळा कायदाच नाही. तिन्हींचे नियम वेगळे, पुरावे वेगळे, मुदती वेगळ्या. काकांचं "कॉपीराइट करून टाका" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो, आणि नव्वद टक्के वेळा बोलणाऱ्याला ट्रेडमार्क म्हणायचं असतं. नावाला, दोन-तीन शब्दांना कॉपीराइट मिळत नाही.

फूड लायसन्स, उद्यम, जीएसटी, गुमास्ता यांपैकी कशानेही नावावर हक्क येत नाही. ते धंदा करण्याचे परवाने किंवा नोंदी आहेत. मात्र आत्या अमुक वर्षापासून हे नाव वापरतेय याचा पुरावा म्हणून ते सोन्यासारखे आहेत. जपून ठेवा. उद्यमचा आणखी एक फायदा पुढे सांगतो.

आधी चित्र. कॉपीराइट चित्र काढल्याक्षणी जन्माला येतो, नोंदणी सक्तीची नाही. पहिला मालक कोण? कलम १७ प्रमाणे साधारणपणे ज्याने काढलं तो. पगारी नोकराने नोकरीचं काम म्हणून काढलं असेल तर मालकाचं. पैसे देऊन फोटो काढून घेतला, पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर पैसे देणाऱ्याचं. पण त्या यादीत 'ड्रॉइंग' नाही. संगणकावर काढलेली होडी पेंटिंग आहे की ड्रॉइंग, यावर मी दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकतो, आणि समोरचा वकीलही बोलेल. म्हणजेच बाहेरच्या डिझायनरला पैसे दिले एवढ्यावर विसंबू नये.

छापखाना वागळे

डिझायनर मंडळींची बाजूही ऐका. वागळे इस्टेटला माझं प्रिंटिंगचं काम आहे. लोक हजार-दीड हजारात लोगो मागतात, "ओपन फाइल पण दे" म्हणतात आणि पुढची दहा वर्षं त्यावर धंदा करतात. पोराने एकच होडी दोघांना दिली हे चूकच, पण हक्क लिहून घ्यायचे असतील तर त्याचे पैसे वेगळे द्यायला हवेत. आमच्या बिलांवर आता एक ओळ छापलेली असते : पूर्ण पैसे मिळाल्यावर डिझाइनचे सर्व हक्क ग्राहकाकडे.

सनदधारी

छापखानेवाले, ओळ चांगली आहे, पण बिलावर सही कुणाची असते? कलम १९ म्हणतं की हक्कांचं हस्तांतर लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती, हे सगळं त्यात यावं. काळ लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अर्धं महाराष्ट्र इथेच अडकतं. लोगो करून घेतला, करारही केला, मुदत लिहायची राहिली, आणि सहाव्या वर्षी डिझायनर दारात उभा. आणखी एक बारकी मेख आहे. मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर तोही जातो.

म्हणून खाडीकाठची, त्या मुलाशी भांडू नका. त्याला बोलवा, चहा द्या, रास्त रक्कम ठरवा आणि स्टँपपेपरवर हस्तांतर लिहून घ्या. "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी" हे शब्द त्यात असू द्या. फाइल आणखी कोणाला, केव्हा, कशा बोलीवर दिली, हेही त्याच्याकडून लिहून घ्या. तिकडे आधीच रीतसर परवानगी दिलेली असेल तर ती आपोआप रद्द होत नाही, तेव्हा हे आधी कळलेलं बरं.

यमकजुळव्या

अवांतर विचारू का? माझ्या कविता फेसबुकवर नाव काढून फिरतात. एका पानाने तर खाली स्वतःचा शिक्का मारलाय. आणि दुसरं, आमच्या ग्रुपला गडकरी रंगायतनला जुन्या कवींच्या कवितांचा कार्यक्रम करायचाय. परवानगी कोणाकोणाची लागते?

सनदधारी

कविता तुमची, लिहिल्या क्षणापासून. हक्क विकून टाकलात तरी कलम ५७ प्रमाणे 'ही माझी' म्हणण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. त्या पानाविरुद्ध फेसबुककडेच कॉपीराइटची तक्रार करा, मूळ पोस्टची तारीख दाखवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

जुन्या कवींचं गणित असं : कवीच्या निधनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. केशवसुत (१९०५), बालकवी (१९१८), गोविंदाग्रज (१९१९) यांना हात लावायला कोणाला विचारायला नको. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पण कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ साली. मरणोत्तर प्रकाशनाला ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, तीही २०१२अखेर संपली. पु.लं.चं काही वाचणार असाल तर मात्र ते २००० साली गेलेत, २०६० संपेपर्यंत परवानगी लागेल. आणि एक सांभाळा. कविता मोकळी झाली म्हणजे तिची चाल आणि ध्वनिमुद्रण मोकळं झालं असं नाही, ते हक्क वेगळे असतात.

यमकजुळव्या

धन्यवाद. चालींचं डोक्यातच नव्हतं, आमचे तबलजी त्यावरच अडून बसले होते.

तलावपाळी

कविता झाल्या, आता मसाल्याकडे या. नावाचं काय?

सनदधारी

नाव हा आत्याचा सगळ्यात भक्कम बुरूज.

नोंदणी नसली तरी 'पासिंग ऑफ'चा दावा करता येतो. स्वतःचा माल दुसऱ्याचा म्हणून खपवणे, असं समजा. त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : आत्याच्या नावाला बाजारात पत आहे, समोरच्या पुडीने गिऱ्हाइकाची गफलत होते, आणि त्यात आत्याचं नुकसान आहे. आणि समजा त्या बाईंनी उद्या आत्याच्या आधी नोंदणी मिळवली, तरी कलम ३४ आधीपासून वापरणाऱ्याला अभय देतं. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडई हलव्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, की आधीचा वापर नोंदणीपेक्षा वरचढ.

मग नोंदणी कशाला करायची? कारण पासिंग ऑफमध्ये पत सिद्ध करता करता घाम निघतो. नोंदणी असली की हक्क कागदावरच असतो, आणि तो अर्जाच्या तारखेपासून धरतात. ऑनलाइन अर्जाला मालाच्या प्रत्येक वर्गाचे ९,००० रुपये पडतात. एकटी व्यक्ती असेल किंवा उद्यम नोंदणीतला लघुउद्योग असेल तर ४,५००. हा तो उद्यमचा फायदा. रजिस्ट्रीचं मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण तिथे खेटे घालायला लागत नाहीत. तपासणी अहवालात आक्षेप आला तर एका महिन्यात उत्तर द्यायचं. मग जर्नलमध्ये प्रसिद्धी, त्यानंतर चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. पार पडलं की दहा वर्षं, आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण, कितीही वेळा.

अर्जात 'अमुक तारखेपासून वापर' असं लिहायचं असेल तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. जुनी बिलं, लेबलांचे जुने नमुने, स्टॉलच्या पावत्या, यूपीआयचे उतारे, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी. आजच आत्याच्या फोनचा बॅकअप घ्या.

गावठाण घणसोली

मला एक गोष्ट खटकतेय. 'आगरी मसाला' हे काय कोणाच्या बापाचं आहे? आमच्याकडे प्रत्येक घरात आजीचं स्वतःचं माप असतं. उद्या ही आत्या म्हणेल की दुसऱ्या कोणी आगरी मसाला विकायचा नाही. गावं गेली, शेतं सिडकोत गेली, आता मसालाही द्यायचा का?

सनदधारी

अजिबात नाही, आणि तुम्ही बोललात ते बरं झालं. 'आगरी मसाला' हे शब्द मालाचं वर्णन आहेत. कलम ९ वर्णनाच्या शब्दांवर एकट्याची मक्तेदारी देत नाही, म्हणूनच 'ठाणे वडापाव' असं नाव घेऊन कोणी नोंदणीला गेलं तर आक्षेप ठरलेला. आत्याचा हक्क 'डोलकाठी'वर. कोपरखैरण्याच्या बाईंनी उद्या स्वतःचं वेगळं नाव आणि वेगळी पुडी घेऊन आगरी मसाला विकला, तर आत्याला तोंड उघडायला जागा नाही.

समाजाची म्हणून जी गोष्ट असते तिच्यासाठी भौगोलिक मानांकन आहे. आपल्याच भागातल्या वारली चित्रकलेला ते मिळालंय. ते एका माणसाला मिळत नाही, उत्पादकांच्या संस्थेला मिळतं आणि अटी पाळणारे सगळे वापरू शकतात. आगरी-कोळी मसाल्यासाठी तसं काही करायचं मनात असेल तर तुमच्यासारख्यांनी पुढाकार घ्या. त्याला इतिहासाचे पुरावे आणि भूभागाशी नातं दाखवावं लागतं, ते गावठाणांतल्या म्हाताऱ्या माणसांपाशी आहेत.

गावठाण घणसोली

मग ठीक. आमच्या मंडळात विषय काढतो. आत्याबाईंना विरोध नाही, नकली पुडी आम्हालाही नको.

खाडीकाठची

दादा, तुमचं बरोबर आहे. आत्यालाही कोणाचा धंदा बंद करायचा नाहीये. त्या बाईंना दोन मुली आहेत, हे तीच दहा वेळा सांगते आणि पाठोपाठ म्हणते, "पण माझी कृती!" सनदधारीसाहेब, कृतीचं राहिलं.

महापेचा रात्रपाळीवाला

त्यात माझाही प्रश्न जोडतो. महापे एमआयडीसीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, नाव नको. ऑफर लेटरमध्ये लिहिलंय की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही. एचआर म्हणते कोर्टात खेचू. ऐरोलीच्या एका कंपनीतून बोलावणं आलंय. जाऊ का?

सनदधारी

दोघांचं उत्तर एकाच ठिकाणाहून सुरू होतं, आणि ते ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे.

कल्याणला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना. टायरसाठी लागणाऱ्या दोऱ्याचं तंत्रज्ञान त्यांनी परदेशी कंपन्यांकडून आणलं होतं, ते गुप्त ठेवण्याच्या अटीवर. १९६३ साली गोलिकरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर लागले. कराराची मुदत चालू असताना दुसरीकडे तेच काम करायचं नाही, अशी अट होती. ते मध्येच सोडून जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९६७ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. आजही गुपितांच्या कुठल्याही खटल्यात ही केस निघतेच.

पण नीट वाचा : कराराची मुदत चालू असताना. नोकरी संपल्यानंतर "दोन वर्षं कुठे जायचं नाही" ही अट करार कायदा, १८७२च्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. १९८०च्या मुरगाई प्रकरणातही अशी नोकरीनंतरची बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. तेव्हा रात्रपाळीवाले, नोटीस पीरियड पुरा करा आणि खुशाल जा. मात्र हात हलवत जा. नोकरीत लिहिलेला कोड कंपनीचा असतो, कायदा त्याला साहित्यकृतीच मानतो. तो पेनड्राइव्हवर नेलात तर कॉपीराइट, गुप्ततेचा करार आणि आयटी कायद्याची कलमं ४३ व ६६ अशी तिन्ही दारं कंपनीला उघडी. डोक्यातलं कसब तुमचं, फाइल त्यांची.

आता आत्या. कृतीतल्या जिनसांच्या यादीला कॉपीराइट नाही. पुस्तकात लिहिलेल्या कृतीचे शब्द सुरक्षित असतात, पण ती वाचून मसाला कुटायला कोणी अडवू शकत नाही. १९७८च्या आर. जी. आनंद प्रकरणापासून हे पक्कं आहे : कल्पना मोकळी, मांडणी मालकीची. पेटंट मिळालंच असतं तरी वीस वर्षांनी संपलं असतं, आणि त्यासाठी कृती जगजाहीर करावी लागली असती. म्हणून गुपितच बरं, त्याला मुदत नसते.

गुपित म्हणून कोर्टात उभं राहायला तीन गोष्टी लागतात. माहिती सर्वांना ठाऊक नसावी, गुप्त असल्यामुळे तिला किंमत असावी, आणि ती जपायला तुम्ही काही केलेलं असावं. विधी आयोगाने मार्च २०२४च्या २८९व्या अहवालात स्वतंत्र कायद्याचा मसुदाही दिलाय. सध्या मात्र करार आणि विश्वासभंग या दोनच काठ्या हातात आहेत. बाईंकडून काही लिहून घेतलं होतं का? कृती कुठे कुलपात होती का?

खाडीकाठची

लिहून वगैरे काही नाही. शेजारच्या ओळखीच्या बाई, कागद कुठला करणार? कृती आत्याच्या डोक्यात. पण एक आहे. खडा मसाल्याचा भाग आत्या स्वतः पहाटे भाजते, कोणाला मोजू देत नाही. बाईंचं काम मिरची निवडणं, कुटून आणणं, पुड्या भरणं.

सनदधारी

म्हणजे आत्याने न शिकता जे केलं ते कंपन्यांना लाखभर रुपये देऊन शिकवावं लागतं : ज्याला जेवढं लागतं तेवढंच सांगायचं. पण त्याचाच अर्थ असा की मुख्य माप बाईंकडे बहुधा नाहीच. जवळपासची चव त्यांनी जिभेवर साधली असेल, आणि जिभेवर बंदी नाही. आत्याला वाईट वाटेल, पण कृतीवरून कोर्टात जाऊ नका. तिथे पहिल्या दिवशी न्यायाधीश विचारतील, "गुपित नक्की काय?" मग ते कागदावर मांडावं लागेल.

गिऱ्हाइकांची यादी, दुकानांचे दर, मिरचीवाल्याशी ठरलेला भाव, हेही गुपितातच येतं. बाईंनी ऑर्डरींची वही किंवा फोनमधली यादी उचलून नेली असेल तर सांगा, तो मुद्दा कृतीपेक्षा जड आहे.

पुढच्या हंगामापासून मदतनिसांसाठी एक पानी मराठी करार करा. "येथे कळलेलं माप, गिऱ्हाइकांची नावं व दर बाहेर सांगणार नाही" एवढंच. नोकरीनंतर मसालाच करायचा नाही, असलं काही घालू नका. ते टिकत नाही आणि माणूस उगाच दुखावतो.

तलावपाळी

म्हणजे सोडूनच द्यायचं?

सनदधारी

कृतीचं सोडा, नावाचं नाही.

माझा क्रम असा असता : डिझायनरचा कागद, लगेच ट्रेडमार्कचा अर्ज, मग बाईंना साध्या भाषेतली नोटीस. नाव आणि पुडी बदला, शिल्लक माल संपवायला अमुक दिवस घ्या. धमक्या नकोत. निराधार धमकीविरुद्ध दावा करण्याची सोय ट्रेडमार्क आणि कॉपीराइट दोन्ही कायद्यांत आहे. सोसायटीच्या ग्रुपवर 'चोर' वगैरे लिहू नका, बदनामीचं वेगळंच लचांड मागे लागेल.

नाही ऐकलं तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जाता येतं. दाव्याचं मूल्य ३ लाखांच्या वर असेल तर तो व्यापारी न्यायालयाचा, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. त्याच प्राधिकरणाकडे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ही सोय समोरच्या बाईंनाही आहे, हे विसरू नका. मी स्वतः अशी दोन घरगुती धंद्यांची प्रकरणं मध्यस्थीत मिटताना पाहिलीत, आणि दोन्हीकडची चुलही चालू राहिली.

खाडीकाठची

काय झालं ते सांगते.

डिझायनर आला होता. आधी ताठ होता, पण मुदत आणि प्रदेश घालून कागद केला, त्याने ठरवलेले पैसे घेतले आणि सही दिली. तिकडे फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, लेखी परवानगी वगैरे काही नाही, हेही लिहून दिलं. ट्रेडमार्कचा अर्ज वर्ग ३० मध्ये, मसाल्यासाठी, फक्त शब्दाचा केलाय. बाईंना नोटीस जायची आहे. आत्या म्हणते आधी मी फोन करते, त्यावर घरात वाद चालू आहे.

दोन शंका. नवीन पुड्या छापायला टाकायच्यात, त्यावर गोलातला आर टाकू का? आणि आत्या सुकट-जवळाही विकते त्याच नावाने, तो मसाल्यातच धरला जाईल ना?

छापखाना वागळे

गोलातला आर टाकू नका हो. आमच्याकडे रोज कोणीतरी मागतं आणि मी रोज नाही म्हणतो. अर्ज केलाय तर टीएम छापा.

सनदधारी

बरोबर. नोंदणी झालेली नसताना झाली असं भासवणं हा कलम १०७ खाली दंडाचा विषय आहे. टीएम आजपासून चालतं.

सुकट मसाल्यात येत नाही. सुकी मासळी वर्ग २९, त्याचा वेगळा अर्ज आणि वेगळे ४,५००. मात्र सुकटीची तयार चटणी बाटलीत भरून विकत असाल तर ती कुठल्या वर्गात लिहायची ते लेबल बघून ठरवू, फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवा. आणि फोन करायचाच असेल तर आत्याला करू दे, पण नोटिशीचा मसुदा तयार ठेवून.